कडी लावायची राहिली

मागच्या महिन्यात देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, मी माझं पानेराईचं घड्याळ हातात घालून पाण्यात उतरलो आणि पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आलो तर काचेला आतून धुकं धरलेलं. पावसाळ्यात एसटीच्या खिडकीला धरतं ना, तसं. कंपनीच्या कागदावर हे घड्याळ ३०० मीटर खोल चालतं. मी होतो कमरेएवढ्या पाण्यात, भाच्याला पोहायला शिकवत.

भाचा म्हणाला, "मामा, फर्स्ट कॉपी आहे का रे?"

नाहीये. ओरिजिनल आहे, म्हणून तर एवढं लागलं मनाला. आणि चूक शंभर टक्के माझीच, बरं सत्तर टक्के माझी आणि तीस टक्के ज्या दुकानातून घेतलं त्याची, पण ते पुढे सांगतो. आधी हे घड्याळ काय प्रकरण आहे ते सांगायला पाहिजे, नाहीतर मी नेमका काय गाढवपणा केला ते कळणार नाही.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे. जहाजावर आमचं निम्मं आयुष्य एकाच प्रश्नात जातं, की नको तिथे पाणी येतंय ते कुठून. पंपाचं ग्लँड गळतंय, व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलंय, कूलरचं गॅस्केट बसलंय. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे स्टर्न ट्यूब, जिथून प्रोपेलरचा शाफ्ट बाहेर पडतो. म्हणजे बघा, अख्खं जहाज हा पोलादाचा बंद डबा, पण पंखा फिरवायचा तर शाफ्ट बाहेर काढावा लागतो, शाफ्ट काढला की भोक आलं, आणि भोक आलं की तिथे सील आलं आणि त्या सीलची काळजी आली. पाण्यात घालायच्या घड्याळाचं अगदी सेम. केस ही बंद डबी, पण चावी द्यायची तर चावीची दांडी बाहेर हवी, म्हणजे भोक आलंच. डायव्हिंग घड्याळांचा सगळा इतिहास मला तरी त्या एका भोकाचा इतिहास वाटतो. बाकी मग जाहिराती आहेत.

पानेराई माझ्या डोक्यात शिरलं ते काही वर्षांपूर्वी इटलीतल्या ला स्पेत्सिया बंदरात. आमचं कंटेनर शिप लागलं होतं, मला चार-पाच तास शोअर लीव्ह मिळाली, बाकीचे पिझ्झा खायला गेले आणि मी तिथल्या नौदलाच्या म्युझियममध्ये. तिथे ते वाहन ठेवलंय ज्याच्यासाठी हे सगळं झालं. दिसायला टॉर्पेडोच, साधारण सात मीटर लांब, फक्त वर दोन माणसं घोड्यावर बसल्यासारखी एकामागे एक बसणार. कागदोपत्री नावाचा अर्थ 'हळू धावणारा टॉर्पेडो', पण चालवणारे त्याला मायाले म्हणायचे, म्हणजे डुक्कर. वेग जेमतेम तीन नॉट, आपण काठाकाठाने झपझप चाललो तर मागे टाकू. तेसेओ तेसेई आणि एलिओस तोस्की या दोन इटालियन नौदल इंजिनिअरांनी १९३५ च्या सुमाराला हे बनवलं. पुढच्या नाकात स्फोटकं, ते नाकच सुटं करून शत्रूच्या जहाजाच्या पोटाखाली टांगायचं, टायमर लावायचा आणि निघायचं. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. वर बसायची जागा बघितली तर आपल्या स्प्लेंडरची सीट बरी.

आता हे काम रात्रीच करायचं, काळ्याकुट्ट पाण्यात, आणि टायमिंगवर. म्हणजे वेळ दिसली पाहिजे. १९३६ मध्ये इटलीच्या नौदलासाठी फ्लोरेन्सच्या पानेराईंनी नमुन्याची काही घड्याळं दिली. हे पानेराई मुळात घड्याळाचे दुकानदार, १८६० पासूनचे, आणि नौदलाला कंपास, टॉर्च, खोली मोजायची यंत्रं असलं सामान पुरवणारे. घड्याळाची केस आणि मशीन त्यांनी स्वतः केलंच नाही, ते रोलेक्सकडून आलं. त्यांची स्वतःची कमाई म्हणजे चमकणारा लेप. रेडियोमीर. रेडियमवर चालणारा, त्याचं पेटंट १९१६ चं, आणि पहिल्या घड्याळांना नावही तेच पडलं.

४७ मिलिमीटरची केस. माझ्या बाबांच्या एचएमटीशेजारी ठेवली तर वाटीशेजारी ताटली. पण तो मोठेपणा शोसाठी नव्हता, ते घड्याळ डायव्हिंग सूटच्या बाहीवरून बांधायचं होतं, म्हणून पट्टाही लांबलचक, आणि गढूळ पाण्यात वाचायचं होतं म्हणून डायलवर आकडे फक्त चार, १२, ३, ६, ९. बाकी जागी नुसत्या रेघा. डायल पण एक नाही, दोन पत्रे एकावर एक. खालच्या पत्र्यावर लेप थापायचा आणि वरच्या पत्र्यात आकडे आरपार कापायचे, म्हणजे आकड्यांच्या खिडकीतून खालचा उजेड दिसतो. लोक त्याला सँडविच डायल म्हणतात. वर ब्रशने रंगवलेल्या आकड्यापेक्षा यात लेप जाड बसतो, म्हणून चकाकी जास्त. सेकंद काटा बहुतेकांना नव्हताच. पाण्याखाली डुकरावर बसलेल्या माणसाला सेकंदाचं काय करायचंय?

जाता जाता एक गंमत, म्हणजे गंमत नाही खरं तर. रेडियमचं अर्धं आयुष्य १६०० वर्षं, पण त्याच्यासोबत जे झिंक सल्फाइड चमकतं ते रेडियमच्याच माऱ्याने काही वर्षांत मरतं. त्यामुळे जुनी रेडियोमीर आज अंधारात दिसत नाहीत, पण किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर जवळ नेला तर अजून कडकड वाजतो. लिलावात अशा घड्याळांसाठी लोक काय वाट्टेल ते पैसे मोजतात. मला फुकट दिलं तर घेईन, पण उशाशी घेऊन झोपणार नाही.

या डुकरांची सगळ्यात गाजलेली रात्र म्हणजे १९ डिसेंबर १९४१ ची, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदरातली, जिथे ब्रिटिश युद्धनौका उभ्या होत्या. शिरे नावाच्या पाणबुडीने बंदराबाहेर तीन मायाले सोडले, एकूण सहा माणसं. ब्रिटिश विनाशिका आत यायच्या होत्या म्हणून बंदराचं जाळं उघडलं आणि हे त्यांच्या मागोमाग आत शिरले. लुईजी दुरां दे ला पेन्ने आणि एमिलिओ बियांकी या जोडीच्या वाट्याला वॅलियंट ही ब्रिटिश युद्धनौका आली होती. त्यांचं डुक्कर बंद पडलं, बियांकी बेशुद्ध होऊन वर तरंगला, आणि दे ला पेन्नेने ते धूड तळाच्या चिखलातून एकट्याने ओढत जहाजाखाली नेलं. मग दोघंही पकडले गेले. ब्रिटिशांनी त्यांना नेऊन ठेवलं कुठे, तर त्याच जहाजाच्या तळाच्या भागात, म्हणजे जवळजवळ स्वतःच लावलेल्या सुरुंगाच्या वर. स्फोटाला थोडा वेळ उरला तेव्हा दे ला पेन्नेने कॅप्टन मॉर्गनला निरोप दिला की जहाज उडणार आहे, माणसं काढा. सुरुंग कुठे लावलाय ते मात्र सांगितलं नाही. त्याला परत खाली पाठवलं. आता विचार करा, खाली अंधारात बसलेल्या त्या माणसाला किती वाजलेत हा प्रश्न कसा पडला असेल.

स्फोट झाला, वॅलियंट आणि क्वीन एलिझाबेथ या दोन्ही युद्धनौका तळाला बसल्या, सागोना हा टँकर आणि शेजारची जर्व्हिस ही विनाशिका यांचंही नुकसान झालं. पाणी उथळ असल्यामुळे दोन्ही युद्धनौका सरळ उभ्याच बसल्या, डेक पाण्याच्या वर, त्यामुळे वरून फोटो काढणाऱ्याला सगळं आलबेल वाटावं. दे ला पेन्ने आणि बियांकी दोघंही वाचले. पुढे इटलीने बाजू बदलली आणि मार्च १९४५ मध्ये तारांतोला दे ला पेन्नेला शौर्यपदक मिळालं तेव्हा ते त्याच्या छातीवर लावलं ते त्याच वॅलियंटच्या कॅप्टन मॉर्गनने. हे कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं काहीही फेकतोय.

पण इथेच एक गोष्ट बोलायला हवी, कारण ब्रँडच्या चकचकीत कॅटलॉगमध्ये ती पुसट होते. ही माणसं मुसोलिनीच्या इटलीसाठी लढत होती. शिरेचा कमांडर बोर्गेझे १९४३ नंतरही जर्मनांसोबत राहिला आणि त्याच्या हाताखालच्या देचिमा मास या तुकडीने उत्तर इटलीत स्वतःच्याच देशातल्या पार्टिझन लोकांवर अत्याचार केले. म्हणजे 'हेरिटेज, हेरिटेज' म्हणताना नेमका कुठला वारसा आपण मनगटावर बांधतोय ते माहीत असलेलं बरं. मला ते डुक्कर आणि ते घड्याळ आवडतं, त्या चिखलातून ओढणाऱ्या माणसाचं कौतुक वाटतं, पण त्या झेंड्याचं नाही. एवढं बोलून पुढे जातो.

आणि आपल्या बाजूला १९७१ चं बघा. आपल्या नौदलाने बंगालातल्या पलाशीला बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या पोरांना जहाजाला सुरुंग लावायचं ट्रेनिंग दिलं, आणि १५-१६ ऑगस्टच्या रात्री त्यांनी चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज अशा बंदरांत जहाजं उडवली. इशारा कसा, तर आकाशवाणीवर ठरलेलं एक गाणं लागलं की तयारीत राहायचं आणि दुसरं लागलं की निघायचं. घड्याळ म्हणजे रेडिओ. लेप नको, सँडविच नको.

असो. भोकाकडे येतो.

पहिल्या रेडियोमीरना चावी स्क्रूची होती, रोलेक्सची पद्धत, आटे फिरवून घट्ट बसवायची. पद्धत उत्तमच. पण घड्याळ हाताने चावी द्यायचं, म्हणजे रोज आटे उघडा, चावी द्या, आटे बंद करा. वर्षभर रोज कुठलाही स्क्रू उघडबंद करून बघा, काय होतं ते आमच्या कुठल्याही फिटरला विचारा. आटे झिजतात, रबर दबतं, मग पाणी. यावर पानेराईने दोन बाजूंनी इलाज केला. एक म्हणजे पुढच्या मॉडेल्समध्ये अँजेलस या स्विस कंपनीचं आठ दिवस चालणारं मशीन घातलं, म्हणजे चावीला हात आठवड्यातून एकदाच. आणि दुसरं म्हणजे १९५० च्या दशकातली ती प्रसिद्ध कडी. चावीच्या बाहेरून अर्धचंद्रासारखा एक पूल आणि त्यात एक खटका. खटका आत दाबला की तो चावीला बाहेरून रबरावर दाबून धरतो. आटे नाहीतच, झिजणार काय? आपल्या जुन्या घरांच्या दाराला आडणा असतो ना, कुलूपबिलूप काही नाही, नुसता आडवा सरकवला की दार पक्कं, तसं. पहिल्यांदा उघडून बंद केलं तेव्हा मी खरंच हसलो. इतकं साधं.

आणखी एक. हे पाणबुडे ऑक्सिजनवर पोहायचे, शुद्ध ऑक्सिजन, सोडलेला श्वास तिथल्या तिथे साफ करून परत घ्यायचा, म्हणजे बुडबुडे वर जात नाहीत आणि पहारेकऱ्याला पत्ता लागत नाही. पण शुद्ध ऑक्सिजन काही मीटरच्या खाली गेला की विषासारखा होतो, झटके येतात. म्हणजे ज्यांच्यासाठी हे घड्याळ बनलं ते बरेचसे पृष्ठभागाच्या जरासे खालीच असायचे. त्यांची खरी भांडणं अंधाराशी, थंडीशी आणि वेळेशी होती. आजकाल लोक ३०० मीटर, ५०० मीटर असं बोलतात ना, बंगल्याच्या मजल्यांसारखं, त्याचं मला म्हणून हसू येतं. आता माझंच हसं झालंय ते वेगळं.

दुकानात हे घड्याळ सर्वसामान्य गिऱ्हाइकाला मिळायला लागलं ते थेट १९९३ ला, आणि तो कार्यक्रम झाला कुठे तर नौदलाच्या 'दुरां दे ला पेन्ने' नावाच्या युद्धनौकेवर. दोन-तीन वर्षांनी सिल्व्हेस्टर स्टॅलोन रोममध्ये शूटिंगला आला होता, त्याला ते आवडलं, त्याने मित्रांना वाटलं, मग १९९७ ला मोठ्या ग्रुपने कंपनीच विकत घेतली आणि पुढे जे व्हायचं ते झालं, किंमती लाखांत.

माझं मॉडेल ४४ मिलिमीटरचं, आतमध्ये युनिटास या स्विस कंपनीच्या ६४९७ वरून केलेलं मशीन. हे मशीन मुळात खिशातल्या घड्याळाचं, म्हणून मोठं, दणकट, कुठल्याही चांगल्या कारागिराला उघडता येईल असं, आणि मला त्यातलं हेच आवडलं. १७ ज्वेल, म्हणजे चाकांचं घर्षण कमी करणारे छोटे खडे. बाबांच्या एचएमटी जनतालाही १७ ज्वेल! हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग पैसे कित्याक जास्त दिलंस?" ते कणकवली डेपोत मेकॅनिक होते, एसटीत ३१ वर्षं. पहिल्यांदा घरी घालून आलो तेव्हा त्यांनी हात धरून बघितलं आणि विचारलं होतं, "ह्यां घड्याळ आसा की नारळाची करटी?"

आता गंमत बघा. मूळचा विचार काय होता, आठ दिवसांचं मशीन, म्हणजे कडी क्वचित उघडायची. माझं मशीन चालतं ५६ तास. म्हणजे मी ती कडी रोज सकाळी उघडतो, चहा घेत घेत चावी देतो. ज्या भोकाला कमीत कमी हात लागावा म्हणून ही सगळी यातायात केली त्याला मी रोज हात लावतो. कंपनीने २००५ ला स्वतःचं आठ दिवसांचं मशीन काढलं, पण ते माझ्या खिशाला परवडत नव्हतं. तर त्या दिवशी सकाळी अंगणात चावी देत होतो, तेवढ्यात बहिणीची गाडी आली, भाचा उडी मारून बाहेर, "मामा चल चल भरती सुरू होईल", आणि मी चहा ठेवला, टॉवेल घेतला, आणि कडी तशीच.

उघडी.

पाण्यात असताना एकदा ती मनगटाला बोचली पण. वाटलं पट्ट्याचं बक्कल असेल.

बाहेर आल्यावर बघितलं, खटका बाहेर लोंबतोय. तुम्हाला सांगतो, जहाजावर पंप गळायला लागला तर मी झोपेतून उठून कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा ते सांगू शकतो, पण इथे मी वाळूत पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. घरी आल्यावर आई म्हणाली, "तांदळात घाल, मोबायल तसोच सुकयतत." खाऱ्या पाण्याला तांदूळ काय करणार? पाणी शोषेल, मीठ आतच. आमच्याकडे मोटर खाऱ्या पाण्यात बुडाली तर आधी गोड्या पाण्याने धुतात आणि मग सुकवतात. पण लाखाच्या वस्तूला बादलीत बुडवायची हिंमत झाली नाही, शेवटी तांदळाच्या डब्यातच गेलं, आणि दुसऱ्या दिवशी मी मुंबईच्या गाडीत.

गिरगावातले एक घड्याळवाले काका आहेत, वय सत्तरच्या पुढे, नाव लिहीत नाही कारण त्यांना गर्दी नको असते. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि पहिलं वाक्य, "हे तर पॉकेट वॉचचं मशीन!" खूश झाले. मग चिमट्याने चावीच्या दांडीवरची रबराची रिंग काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. चपटी, कडक, नखाने दाबली तर कडेला तुकडा पडला. म्हणाले, "अहो ही किती वर्षांत बदललेली नाही. कडी उघडी होती हे खरंय, पण ही मऊ असती तर कमरेएवढ्या पाण्यात एवढं आत आलं नसतं." आणि हीच ती तीस टक्के. सिंगापूरला ज्या दुकानातून मी हे सेकंडहँड घेतलं तिथे मला फुल सर्व्हिस केलेलं म्हणून दिलं होतं, प्रेशर टेस्टचा कागदसुद्धा दाखवला होता. मी पण बघा, जहाजावर कोणी 'सील नवीन आहे' म्हटलं तर उघडून बघितल्याशिवाय सही करत नाही, आणि इथे एसी दुकानात कोल्ड कॉफी पीत सही केली.

मशीन वाचलं. गंज होता पण दांडीवर आणि आसपासच्या दोन-तीन छोट्या पार्टवर, खऱ्या नाजूक भागापर्यंत, म्हणजे बॅलन्सपर्यंत मीठ पोचलं नव्हतं. काकांनी पूर्ण उघडून धुतलं, ऑइलिंग केलं, दांडी नवीन, सगळी रबरं नवीन. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होतो. मेनस्प्रिंगच्या डबीचं झाकण उघडताना त्यांनी श्वास रोखला, तर मीपण रोखला. त्यांच्या मागे फळीवर रिपेअरला आलेल्या एचएमटी होत्या, त्यातल्या निम्म्यांच्या डायल इकडेच कुठेतरी नव्याने रंगवलेल्या, भगव्या, पोपटी, एकीवर चक्क वाघ. जगभरातले लोक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "चांगलं म्हणतात की शिवी देतात?" मी म्हटलं, दोन्ही.

पुढच्या जॉइनिंगला घड्याळ नेणार नाही असं ठरवलं आणि आणून बाबांकडे दिलं. इंजिन रूममध्ये तसंही मी कॅसिओच घालतो. बाबांना कडी उघडायची कशी, चावी किती द्यायची, कडी लावायची कशी सगळं दाखवलं, ते ऐकून घेतल्यासारखं करत होते. रात्री सातच्या बातम्या लागल्या की ते आधी जनताला चावी देतात, सवयच आहे, आणि आता त्यानंतर याला. काल व्हिडिओ कॉलवर त्यांनी घड्याळ कॅमेऱ्याला इतकं चिकटवून दाखवलं की मला नुसती बंद कडी दिसली, बाकी काही नाही. दिवसाला अकरा सेकंद पुढे जातं म्हणाले. जनता चार.